रुपयाचे दोन भाव

नाशिकच्या सराफ बाजारात आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया नेला, की तो आधी काट्यावर जातो. वजन पाहायचं, चांदी किती ते धरायचं, घट वजा करायची आणि दिवसाच्या भावाने रक्कम सांगायची. सराफाच्या बाजूने हा हिशोब चोख असतो, कारण त्याच्या लेखी तो रुपया म्हणजे चांदीचा एक तुकडा. पण त्याच रुपयाला दुसराही एक भाव असतो आणि तो काट्यावर दिसत नाही. कोणत्या राजाचा, कोणत्या सालचा, कोणत्या टांकसाळीचा आणि किती झिजलेला, यावर तो ठरतो. हे दोन भाव कधी जवळपास सारखेच निघतात, कधी त्यांच्यात प्रचंड अंतर असतं. घरात जुने रुपये असलेल्या प्रत्येकाला दोन्ही भाव काढता यायला हवेत असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा मुशीत गेलेलं नाणं परत येत नाही.

आधी चांदीचा हिशोब. 1835 साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. टक्क्यांत सांगायचं तर 91.67. म्हणजे न झिजलेल्या रुपयात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. जुना तोळा आणि हा रुपया वजनाने एकच होते. आज बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, तेव्हा ‘एक रुपया म्हणजे एक तोळा’ हा घरातला जुना हिशोब जसाच्या तसा लावला तर तुमचंच नुकसान होतं. अधेली 5.83 ग्रॅमची, पावली 2.92 ग्रॅमची आणि चांदीची दोन आणेली 1.46 ग्रॅमची. प्रमाण सगळ्यांत तेच. दोन आणेली 1917 पर्यंत चांदीची होती, 1918 पासून ती तांबं आणि निकेलच्या मिश्रणाची झाली.

विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची 1938 व 1939 ही दोन सालं, या सगळ्या रुपयांना हाच हिशोब लागू पडतो. 1940 पासून मात्र चित्र पालटतं. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली आणि सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल आणि 5 टक्के जस्त. वजन मात्र तेच 11.66 ग्रॅम ठेवलं. त्यामुळे 1940 ते 1945 सालच्या रुपयात चांदी फक्त 5.83 ग्रॅम निघते. कडेवर नजर टाकली तरी फरक कळतो. आधीच्या रुपयांची कड साधी दातेरी आहे, तर या रुपयांच्या कडेला मधोमध खोबण आहे आणि खोबणीत नक्षी. 1947 चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा. त्यात चांदीचा कणही नाही आणि तो लोहचुंबकाला चटकन चिकटतो.

आकडेमोड सोपी जावी म्हणून चांदी 100 रुपये ग्रॅम धरू. राणीछाप रुपयाची चांदी 1069 रुपयांची, 1944 च्या रुपयाची 583 रुपयांची. प्रत्यक्ष भाव जो असेल त्याने गुणा. एकाच डब्यात ठेवलेल्या, एकाच आकाराच्या दोन रुपयांत जवळपास दुपटीचा फरक असतो हे अनेक घरांत माहीतच नसतं आणि सगळे रुपये एकाच भावाने मोडले जातात. स्वातंत्र्यानंतरचं एक नाणंही इथे सांगायला हवं. 1969 साली गांधी जन्मशताब्दीला निघालेलं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं आणि 80 टक्के चांदीचं आहे. म्हणजे त्यात 12 ग्रॅम चांदी, राणीछाप रुपयापेक्षाही जास्त.

नाणं अस्सल आहे की नाही हे पाहायला आवाजावर विसंबू नये. खणखणीत आवाज बनावट मिश्रधातूलाही आणता येतो. त्यापेक्षा पाण्याची परीक्षा घ्यावी. एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हल्ली स्वस्तात मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून, पेल्याच्या तळाला वा काठाला न लागता पूर्ण बुडेल असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी त्या नाण्याने बाजूला सारलं. चांगल्या राणीछाप रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास यायला हवा. निम्म्या चांदीच्या रुपयाला तो 1.22 च्या जवळ येतो. तांबं-निकेलवर चांदीचं पाणी चढवलेलं असेल तर 1.3 किंवा त्याच्याही पुढे जातो. यात नाण्यावर ओरखडाही उठत नाही. कसोटीच्या दगडावर घासून किंवा कड कानशीने खरवडून पाहिली तर चांदी कळते, पण दुसरा भाव तिथल्या तिथे पडतो.

हा दुसरा भाव कशातून येतो हे समजून घ्यायला नाशिकइतकी चांगली जागा नाही. सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची. प्रत्येक नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमचं, नखाएवढं. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि त्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत राजाचं नाव. या साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एक ठसा मारलेला होता. एका बाजूने तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी नदी, दुसऱ्या बाजूने उज्जैन चिन्ह म्हणून ओळखली जाणारी चार वर्तुळांची खूण. डोंगराभोवती नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं. कित्येक नाण्यांवर तर नव्या ठशाच्या डोंगराखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी अजूनही डोकावताना दिसते.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा बारकाईने तपासून 1908 च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. तोवर नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांवरून दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, नहपानाचा जावई उषवदात इथे दानं देत होता. दुसरी, गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निखंदून काढल्याचं म्हटलं होतं. पण जिंकणारा आणि हरणारा समकालीन होते का, की त्यांच्यात काही पिढ्यांचं अंतर होतं, हे लेखांतून पक्कं होत नव्हतं. हरलेल्या राजाची चालू नाणी जिंकणाऱ्याने गोळा करून त्यांवर आपला शिक्का मारला, हे जोगलटेंभीच्या साठ्याने दाखवलं. नहपानाची नाणी अजून बाजारात फिरत असतानाच सत्ता पालटली होती. सातवाहनांच्या कालगणनेचा एक मुख्य खांब आजही या नखाएवढ्या नाण्यांवर उभा आहे.

आता भावाच्या दृष्टीने पाहा. सातकर्णीने ही नाणी वितळवली नाहीत. वितळवून पुन्हा पाडायची म्हणजे कोळसा, कारागीर, वेळ आणि थोडी घट. ठसा मारला की काम झालं. चांदी तेवढीच राहिली, वजन तेवढंच राहिलं, बदललं ते फक्त नाव. आणि आज संग्राहक जी किंमत मोजतो ती नेमकी त्या नावासाठी. दोन ग्रॅम चांदीला सराफाकडे काही शेकडे रुपये येतील. दोन्ही राजांची खूण स्पष्ट दिसणारं तेच नाणं अभ्यासकाच्या हाती पडलं, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा तो कागद ठरतो.

या चांदीचा बाजारभाव काय होता हेसुद्धा नाशिकच्या डोंगरात कोरलेलं आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, वर्ष 42 चा. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. दोन हजारांवर वर्षाचं व्याज 240 होतं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर 240. त्याच लेखात 70,000 कार्षापणांचे 2000 सुवर्ण असा हिशोब दिला आहे, म्हणजे एका सुवर्णाला 35 कार्षापण. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. बँकेची ठेव, व्याजाचा दर आणि सोन्याचांदीचा भाव एकाच भिंतीवर वाचायला मिळतो अशा जागा जगात फार नाहीत. नाशिककरांनी त्या पायऱ्या चढताना मूर्तींइतकंच लक्ष या अक्षरांकडेही द्यावं.

छापाची पत किती टिकते याचा पुरावा त्र्यंबकच्या रस्त्यावर, अंजनेरीला मिळतो. तिथे सापडलेल्या भोगशक्ती या राजाच्या ताम्रपटाचा काळ इसवी सन 710 च्या आसपासचा. त्यात दंड सांगितले आहेत ते ‘कृष्णराज रूपकां’त. हा कृष्णराज म्हणजे कलचुरी राजा, सहाव्या शतकातला. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी, असं त्याचं चांदीचं छोटं नाणं. राजा जाऊन सव्वाशे वर्षं उलटली, त्याचं राज्य गेलं, चालुक्य आले, तरी दंड मात्र त्याच्याच नाण्यात मोजला जात होता. बागलाणातल्या देवळाण्यालाही ही नाणी सापडली आहेत. आणि नाणकशास्त्राचं संशोधन करणारी संस्था 1980 साली उभी राहिली तीही याच अंजनेरीला. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती उभारली. तिथलं नाण्यांचं संग्रहालय नाशिकच्या शाळांच्या सहलींत त्र्यंबकेश्वराइतकंच हक्काचं असायला हवं.

मधल्या काळाविषयी थोडक्यात. पेशवाईत ठिकठिकाणी टांकसाळी होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडचा रुपया त्यांतला नावाजलेला. प्रत्येक रुपयाची चांदी थोडी वेगळी, म्हणून एका गावचा रुपया दुसऱ्या गावी बट्ट्याने चाले. पोतदार आणि सराफ रुपया पारखून त्यावर आपापली बारीक खूण ठोकत. अशा खुणांनी भरलेले रुपये आज खूप दिसतात. त्या खुणांनी व्यापाराचा इतिहास कळतो, पण संग्राहक सहसा स्वच्छ छापाला जास्त भाव देतो. या टांकसाळींवरचं ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हे माहेश्वरी आणि विगिन्स यांचं पुस्तक 1989 साली अंजनेरीच्या संस्थेनेच काढलं.

आता घराघरांत प्रत्यक्ष सापडणाऱ्या रुपयांकडे वळू. यांच्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की जुनं म्हणजे महाग. तसं नाही. किती पाडले, किती उरले आणि कोणाला हवेत, यावर किंमत ठरते. नाशिककर ज्या नाण्याला घरोघर ओळखतात त्या 1918 च्या रुपयाचं उदाहरण घ्या. त्या एका सालात मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींच्या आसपास रुपये पाडले. याला कारण पहिलं महायुद्ध. 1893 साली सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं होतं. त्यानंतर रुपया 16 पेन्सांना बांधला गेला आणि त्यातली चांदी त्याहून स्वस्त राहिली. युद्धात चांदी भडकली. औंसाला 43 पेन्सांच्या वर भाव गेला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग ठरत होती. तशी ती ठरलीच. लोक रुपये वितळवू लागले, सरकारने बंदी घातली आणि 30 नोव्हेंबर 1917 ला एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि जवळपास 20 कोटी औंस चांदी भारतासाठी दिली. 1918 आणि 1919 चे रुपये एवढे मुबलक का, आणि त्यांच्यातली चांदी पूर्वी कोणत्या देशाच्या खिशात होती, याचं उत्तर यात आहे. म्हणून 1918 चा झिजलेला रुपया संग्राहकाकडे चांदीपेक्षा थोडाच वर जातो.

पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया वेगळा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका ओबडधोबड उठला, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लीम समाजात नाराजी पसरली आणि सरकारने तो मागे घेतला. नव्वद लाखांहून अधिक पाडले होते, त्यांतले सुमारे सात लाखच बाहेर पडले होते. बाकीचे वितळवले. 1912 पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. म्हणून 1911 साल दिसलं की थांबा. 1922 चा रुपयाही इतर सालांच्या मानाने फार कमी निघाला. आणि सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया तर अत्यंत दुर्मीळ. 1938 आणि 1939 यांच्यात चांदीचा फरक शून्य आहे, पण संग्राहकाच्या भावात फरक प्रचंड. त्यामुळे 1938 चा शेवटचा आकडा खोदून 9 केलेले रुपयेही बाजारात फिरतात. त्या आकड्याभोवतीची पार्श्वभूमी भिंगाखाली खरवडलेली दिसते.

साल पाहतानाच काही बनावट रुपये उघडे पडतात. 1862 नंतर थेट 1874 पर्यंत रुपयावर दुसरं साल आलंच नाही. मधल्या वर्षांतही 1862 हेच साल ठेवून नाणी पाडली गेली. मुंबईच्या टांकसाळीने सालाखाली बारीक ठिपके देऊन खरं वर्ष नोंदवलं, आणि ठिपक्यांच्या संख्येवरून 1862 च्या रुपयांतही दुर्मीळ आणि सर्वसाधारण असे भेद पडतात. तेव्हा कोणी 1867 चा रुपया दाखवला तर घेऊ नये. तसंच 1922 नंतर 1938 पर्यंत चलनात नवा रुपया आला नाही. 1925 किंवा 1930 सालचा चांदीचा रुपया म्हणून जे विकलं जातं ते कोणाच्या तरी कारखान्यातलं असतं. ओतीव बनावट नाण्यावर बारीक हवेची छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि कडेवर सांध्याची रेघ सापडते.

फसवणुकीचे दोन प्रकार महाराष्ट्रात गावोगावी चालतात, त्यांचाही स्पष्ट उल्लेख करतो. पहिला, राम-सीता-हनुमानाची चित्रं आणि मागे कंपनी सरकारचं 1818 साल असलेले तांब्याचे तुकडे. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. दुसरा, तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं. असं नाणं नसतं. त्यापायी लोकांनी आयुष्यभराची कमाई घालवली आहे. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं, की जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

ज्या रुपयाला दुसरा भाव येऊ शकतो त्याचा तो भाव घरातच अनेकदा मारला जातो. दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंचेने, लिंबाने किंवा पावडरने घासून लख्ख केले जातात. घासताना राजाच्या केसांचा आणि मुकुटाचा उठाव जातो आणि चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट-निळसर थर निघतो. तो थर म्हणजे मळ नव्हे, संग्राहकासाठी ती अस्सलपणाची साक्ष असते. पूजेला रुपये जरूर मांडावेत, पण साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावेत, पुसू नयेत. कडी जोडून माळेत ओवलेल्या रुपयांचं तसं नाही. संग्राहकाचा भाव त्यांना येणार नाही, पण पणजीच्या गळ्यातली ती माळ मोडण्याआधी तिचा निदान एक फोटो आणि त्यावरच्या सालांची यादी करून ठेवावी.

कायद्याचंही भान हवं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून 1918 चा रुपया देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण त्या रुपयाने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. आणि शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्याने त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लोक घाबरून ती नाणी मूठमूठ वाटून घेतात आणि वेगवेगळ्या सराफांकडे मोडतात. नाणी जातातच, पण त्याहून मोठी गोष्ट जाते ती म्हणजे ती एकत्र होती ही माहिती. जोगलटेंभीची नाणी अशीच वाटली गेली असती तर प्रत्येक नाणं सुटंसुटं नहपानाचं किंवा सातकर्णीचं ठरलं असतं. तेरा हजारांतल्या नऊ हजारांवर दुसरा ठसा आहे, हे प्रमाण मात्र कोणालाच कधी कळलं नसतं.